रस्ता विचारण्यापुरतं इंग्रजी

२०१७ च्या गणपतीत लेक आणि जावई नातीला घेऊन लंडनहून गावी आले होते. विसर्जन झालं. परत जायच्या आदल्या रात्री पडवीत बसलो असताना लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही आणि आई तिकडे या. लावणी आटपली की निघा आणि गणपतीच्या आत परत या."

आमच्या मंडळींनी लगेच मान हलवली. मी म्हटलं, "येतो गो, पण तुम्ही दोघं दिवसभर कामावर. आम्ही काय घरात कोंडून बसायचं?"

"कोंडून कशाला? बस आहे, रेल्वे आहे. शहर बघा फिरून. रस्ता विचारण्यापुरतं इंग्रजी आलं तरी पुरे आहे."

रस्ता विचारण्यापुरतं! ती सहज बोलून गेली, पण मला रात्री झोप लागेना. मी दहावी पास माणूस. १९७६ साली पास झालो, दहावीचा नवा अभ्यासक्रम येऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं मी इंग्रजी शिकलो. धडे पाठ केले, प्रश्नांची उत्तरं पाठ केली, मधमाशीवरचा निबंधही पाठ केला. पण त्या सहा वर्षांत मी इंग्रजीतून कुणाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि मलाही कुणी विचारला नव्हता. गुरुजी धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आम्ही वहीत उतरवायचो. इंग्रजी ही तोंडाने बोलायची भाषा आहे हे आमच्या ध्यानातच आलं नाही. मोडी दस्त जसा कपाटात असतो, तशी ती आपली कागदावर.

पुढे वाचनाची गोडी लागली तेव्हा कळलं, की हे माझ्या एकट्याचं नाही. आमच्या जिल्ह्यात इंग्रजी आलं आणि रुजलं ते असंच, कागदाच्या वाटेने.

बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, जन्म १८१२ चा. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ साली जिल्हा फुटेपर्यंत ते आमच्याच रत्नागिरीत होतं. बाळशास्त्री मुंबईला जाऊन इंग्रजी शिकले आणि ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा. शेजारी शेजारी, जशा दोन जावा एका चुलीपाशी बसाव्यात तशा. मला ते दोन रकाने फार आवडतात. इंग्रजी आमच्याकडच्या माणसाने हातात घेतलं ते मराठीला उठवून नव्हे, तिच्या शेजारी पाट मांडून.

पण पुढे ते दोन रकाने लांब गेले. कोकणातली जमीन म्हणजे डोंगरउतार, कातळ आणि तुकड्यातुकड्यांची भातखाचरं. चार महिने पाऊस आणि आठ महिने पोटाची चिंता. माणसं मुंबईला जायचीच. पण मुंबईला जायच्या वाटा दोन झाल्या. ज्यांच्या घरात इंग्रजी आलं ते कचेरीत, कोर्टात, कॉलेजात गेले. ज्यांच्या घरात आलं नाही ते गिरणीत, गोदीत आणि लोकांच्या घरी भांडी घासायला गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मले, रत्नागिरीच्या शाळेत शिकले आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत एक होते. त्याच जिल्ह्यातली आमच्यासारखी कुळं त्यानंतर शंभर वर्षांनीही अंगठा उठवत होती. जिल्हा एक, समुद्र एक, पण इंग्रजीची एक रेघ मधून गेलेली. आमचा जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो असं म्हणत. ते पैसे माझा बापूस पाठवायचा. भांडारकरांसारख्यांची नावं पुस्तकात आली, बापसाचं नाव मनीऑर्डरीच्या फॉर्मवर.

महर्षी कर्व्यांची गोष्ट मात्र मला धीर देणारी वाटते. ते दापोलीजवळच्या मुरूडचे. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा डोंगर तुडवत पायी साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. इंग्रजी त्यांच्या वाट्याला उशिराच आलं. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. आणि १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हा माणूस विलायतेच्या प्रवासाला निघाला आणि तिकडच्या सभांमधून इंग्रजीत बोलला. मी अठ्ठावन्नाचा होणार होतो. म्हटलं, आपल्याला अजून तेरा वर्षं शिल्लक आहेत.

मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री झालेले बाळासाहेब खेर, तेही रत्नागिरीत जन्मलेले. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांच्या सरकारने पाचवी, सहावी, सातवीचं इंग्रजी काढून टाकलं आणि ते आठवीपासून ठेवलं. हेतू चांगलाच होता, पोराने आधी आपल्या भाषेत पक्कं व्हावं. पुढे ते पाचवीवर आलं, त्या तुकड्यांतला मी. २००० सालापासून तर ते पहिलीपासून झालं. मजा अशी, की इंग्रजी आठवीवर नेणारे खेरसाहेब पुढे १९५२ साली भारताचे हायकमिशनर म्हणून गेले ते लंडनलाच. इंग्रजी कितवीपासून, हा वाद आमच्याकडे पाऊणशे वर्षं चालला आहे. पण ते बोलायचं कुणाशी आणि कशासाठी, हे कुणी विचारलेलं माझ्या कानावर नाही.

तर मी शिकायला बसलो. वाडीतले लोक हसले. एकजण म्हणाला, "काय रे, आता हापूस काय राणीला नेऊन विकतोस?" हसू द्या म्हटलं.

पहिल्यांदा माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, कडा वाळवीने खाल्लेली. आमच्याकडे ज्याला इंग्रजी शिकायचं तो तर्खडकरांना हात लावल्याशिवाय पुढे गेला नाही. चांगलं पुस्तक, व्याकरण पक्कं करणारं. पण ते भाषांतर शिकवतं. मराठी वाक्य घ्या, उलटा, सुलटा करा, इंग्रजीत मांडा. तेवढ्यात समोरचा माणूस निघून जातो त्याचं काय?

दुसरं पुस्तक रॅपिडेक्सचं. ऐंशीच्या दशकात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर लटकलेलं असायचं. जाहिरातीत कपिल देव. त्या वेळी कोकणातल्या प्रत्येक मुंबईकराच्या पिशवीत ते सापडायचं, माझ्या धाकट्या भावाने आणलेलं घरात पडून होतं. त्यात बोलण्याची वाक्यं होती हे खरं, पण शेकड्यांनी. मी रोज वीस पाठ करायचो आणि रोज पंचवीस विसरायचो.

शेवटी उपयोगी पडली ती माझी पुतणी. देवरुखला कॉलेजात जाते. एकदा मी पाठ करत असताना गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "काका, हे पाठांतर बंद करा. तुम्हाला तिकडे काय काय लागणार ते मराठीत सांगा आधी."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. रस्ता विचारणं. तिकीट. संडास कुठे आहे. किती पैसे. हे काय आहे, यात मांस आहे का. हरवलो तर काय म्हणायचं. कळलं नाही तर काय म्हणायचं. सगळी मिळून चाळीसेक वाक्यं झाली. म्हणाली, "एवढंच. पण हे वाचायचं नाही, माझ्याशी बोलायचं."

मग रोज संध्याकाळी धार काढताना आमचं इंग्रजी सुरू झालं. ती पोलीस व्हायची, बसवाली व्हायची, दुकानदारीण व्हायची. म्हैस मध्येच शेपटी मारायची. मी पहिल्या आठवड्यात दर वाक्याला घाम पुसायचो. शब्द येत नव्हते असं नाही. शब्द होते. टेबल, स्टँड, बॅटरी, पंप, पाइप, लाइट, डॉक्टर, ऑपरेशन, लोन, सबसिडी... शेतकऱ्याच्या तोंडात इंग्रजी शब्द काय कमी असतात? सावरकर १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी त्याच काळात जोरात चालवली. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट हे आज आपल्या तोंडी बसलेले शब्द त्यांच्याच नावावर सांगतात. तरी एसटी ती एसटीच राहिली आणि स्टँड तो स्टँडच. म्हणजे शब्दांचं भांडवल घरात होतं, अडत होतं ते दुसरंच. लाज. चुकलो तर समोरचा हसेल, ही सहा वर्षं बाकावर बसून कमावलेली लाज.

आणखी एक गोष्ट पुतणीने दाखवली. मी म्हणायचो, "गिव्ह मी वॉटर." ती म्हणायची, "काका, हे तुम्ही दरडावताय." मी म्हटलं, दरडावतो कसला, पाणी मागतोय. मग तिने समजावलं. आपल्या मराठीत मान क्रियापदातच असतो. पोराला 'दे', पाहुण्याला 'द्या', सभेत 'द्यावे'. वेगळा शब्द लावायची गरजच पडत नाही. इंग्रजीत मात्र राजालाही 'गिव्ह' आणि गड्यालाही 'गिव्ह'. मग मान कुठे ठेवायचा? तो 'प्लीज'मध्ये ठेवतात. सहा वर्षं शिकून मला 'प्लीज' म्हणजे 'कृपया' एवढंच ठाऊक होतं, आणि कृपया हा शब्द मी फक्त पाटीवर वाचलेला. आता कळलं, प्लीज म्हणजे 'द्या'मधला 'या'.

आमच्या मंडळींचं शिक्षण सातवीपर्यंत. तिने एक वाक्य पाठ केलं नाही. फक्त गोठ्याच्या बाहेर तांदूळ निवडत ऐकत बसायची.

एक दिवस पुतणी प्रवासाची वाक्यं घेत होती. म्हणाली, "व्हेन शाल वी स्टार्ट? म्हणजे आपण कधी निघायचं?"

माझा हात थांबला. "स्टार्ट म्हणजे निघणं?" मी विचारलं. माहीत नव्हतं म्हणून नव्हे. माहीत होतं, चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं. चरवी तिच्या हातात दिली आणि उठून खळ्यात जाऊन उभा राहिलो.

१९७४ चा जुलै. मी नववीत, वर्गात इंग्रजीला पहिला. बापूस मुंबईत गिरणीत, गावकीच्या खोलीवर राहायचा. भर पावसात, ओढ्याला पाणी असताना, पोस्टमन तार घेऊन आला. त्या काळी तार म्हणजे मरणच. तार आली हे ऐकूनच शेजारणी रडायला लागल्या. देवनागरीतही तार करता येत असे, पण लोक इंग्रजीतच करायचे, तीच रीत पडलेली. शब्दाला पैसे, म्हणून शब्द मोजके. पोस्टमनने सही घेतली, पुढे दोन वाड्या करायच्या म्हणून तो गेला. वाडीत इंग्रजी वाचणारा एकटा मीच.

"काय लिवलंय रं त्यात?" आईने विचारलं.

चार शब्द होते. फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.

मी चारही अचूक वाचले. फादर म्हणजे वडील. सिरियस म्हणजे गंभीर. इमिजिएटली म्हणजे ताबडतोब. स्टार्ट म्हणजे सुरू करणे, असं वहीत लिहिलेलं होतं, मला अजून ती ओळ दिसते. मी सांगितलं, बाबा फार आजारी आहेत, ताबडतोब सुरू करा.

काय सुरू करा? चुलते म्हणाले, औषधपाणी सुरू करायला पैसे मागितले असतील. ते पैशांच्या उधारीला बाहेर पडले. आई म्हणाली, देवीला गाऱ्हाणं सुरू करायला सांगितलं असेल. संध्याकाळी नारळ घेऊन आम्ही भिजत देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभा होतो, आणि मनात थोडा अभिमानही होता, की तार मी वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलते पलीकडच्या गावात पैसे मागायला गेले असता, तिथे मुंबईच्या कचेरीतून रिटायर होऊन आलेले एक गृहस्थ भेटले. चुलत्यांनी खिशातली तार दाखवली. ते म्हणाले, "अरे, निघा म्हणून लिहिलंय. तुम्ही अजून इथे काय करता?"

पावसाळ्यात बोट बंद. संध्याकाळची एसटी पकडली. घाटात दोनदा थांबली. मुंबईत उतरलो ते तिसऱ्या दिवशी सकाळी. बापूस आदल्या दिवशी पहाटे गेला होता. खोलीतल्या माणसांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग अग्नी दिला. ट्रंक, घोंगडी आणि डबा आमच्या स्वाधीन केला. तोंड दिसलं नाही.

त्याच दिवशी निघालो असतो तर भेट झाली असती. हा हिशेब मी आयुष्यभर केला. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. एकदाच, पुष्कळ वर्षांनी, मी विषय काढला तेव्हा म्हणाली, "तू व्हतास म्हणून आजारी हायेत येवढं तरी कळलं, पोरा." पण मला ठाऊक होतं. शब्द चारही आले, वाक्य आलं नाही. परीक्षेत त्या चार शब्दांचे मला चार मार्क मिळाले असते.

त्या दिवशी खळ्यात उभा असताना मंडळी बाहेर आली. तिला हे ठाऊक होतं, माझ्या आईकडून ऐकलेलं. ती एवढंच म्हणाली, "मग आता नीट शिका की." परत गोठ्यात गेलो आणि पुतणीला म्हटलं, पुढचं वाक्य सांग.

उन्हाळ्यात आंब्याचं काम आटपल्यावर पुतणीने नवीन टूम काढली. म्हणाली, "लंडन बघायच्या आधी इंग्रजीतून रत्नागिरी बघू." तिच्या चार मैत्रिणी घेऊन आम्ही थिबा पॅलेसला गेलो. मी वाटाड्या, त्या परदेशी पाहुण्या. हसून हसून पुरे झाल्या, पण सोडलं नाही मला. "धिस किंग, ब्रह्मदेश किंग. ब्रिटिश ब्रिंग हिम हिअर." असं काहीबाही सांगत राहिलो.

थिबा राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा मोठा वाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं तो इथे होता. सरकारला अर्ज करायचा, पैसे वाढवून मागायचे, सगळं दुभाष्यामार्फत आणि कागदावर. तेही कागदी इंग्रजीच, नाही का? पण त्याच्या मुली नोकरचाकरांत वाढल्या, त्यांना इथली बोली आली. राजाच्या मरणानंतर कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी, म्हणजे राजाची नात, इथेच लग्न करून, इथल्या बायकांसारखं लुगडं नेसून, मराठी बोलत राहिली आणि २००० साली वारली. तिला कुणी पाठमाला दिली नव्हती. पाणवठ्यावर जी भाषा लागते ती येते.

ऑगस्ट २०१८ मध्ये लावणी करून आम्ही विमानात बसलो. लेक राहते हॅरोला, लंडनच्या वायव्य टोकाला. पहिल्याच दिवशी शेजारी भेटला, म्हणाला, "ऑल राइट?" मला वाटलं, प्रवासाने माझं तोंड उतरलेलं दिसतंय. मी त्याला गुडघ्याचं सगळं सांगितलं. नातीने नंतर सांगितलं, "आजोबा, ते नुसतं हॅलो असतं." दुकानदार 'थँक यू'च्या जागी 'चिअर्स' म्हणायचा. हे ना तर्खडकरांत ना रॅपिडेक्समध्ये.

मंडळींचं मात्र काही अडलं नाही. भाजीच्या बाजारात गेली, वांगं हातात घेतलं, "हाऊ मच?" त्याने सांगितलं. "टू मच!" असं म्हणून वांगं खाली ठेवलं आणि उरलेलं मराठीत बोलली. तो हसला आणि एक वांगं जास्त दिलं. तिला सहा वर्षांची शाळा नव्हती, त्यामुळे ती लाजही नव्हती.

मला एक घर बघायचं होतं. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले, १८५६ साली. त्यांचे वडील इथेच शाळामास्तर होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज लेखकावर बदनामीचा दावा लावून टिळक १९१८ मध्ये लंडनला गेले. दावा हरले, पण वर्षभर तिथे राहून त्यांनी सभा घेतल्या, इंग्लंडातल्या लोकांना आपलं म्हणणं सांगितलं. ते राहिले ते घर, दहा नंबर, हाउली प्लेस. एका बुधवारी लेक कामावर गेल्यावर आम्ही दोघंच बाहेर पडलो. हॅरोहून नकाशावरच्या तपकिरी रेघेची गाडी थेट वॉरिक ॲव्हेन्यूला जाते. उतरलो. वर आलो. रस्ते सगळे सारखे, घरं सगळी पांढरी. फोनची बॅटरी संपलेली.

एक म्हातारा गृहस्थ कुत्रं घेऊन चालला होता. मी छातीवर हात ठेवला आणि सुरू केलं. "एक्सक्यूज मी, प्लीज. हाऊ डू वी गो टू हाउली प्लेस?"

तो भराभर बोलला. डावं, उजवं, कालवा, पूल. मला कालवा तेवढा कळला. पूर्वीचा मी मान हलवून 'येस येस' म्हटलं असतं आणि चुकीच्या वाटेला लागलो असतो. पण पुतणीने सगळ्यात जास्त वेळा घोटून घेतलेलं वाक्य हेच होतं. "सॉरी. आय डिड नॉट अंडरस्टँड. स्लोली, प्लीज."

तो थांबला. हसला नाही. परत सावकाश सांगितलं, आणि मग म्हणाला, चला, मी त्याच बाजूला जातोय. वाटेत त्याने विचारलं, तिथे काय आहे? मी म्हटलं, "माय व्हिलेज मॅन. हिज हाऊस." व्याकरणाचं पार भुस्काट झालं होतं, पण त्याला कळलं. घरापाशी आल्यावर भिंतीवरची टिळकांच्या नावाची पाटी त्याने मान वर करून वाचली. म्हणाला, किती वर्षं इथून जातो, कधी वाचली नव्हती. आमची मंडळी मला मराठीत म्हणाली, "बघा, तुम्ही वाट विचारलीत आणि ह्याला ठिकाण सापडलं."

त्या शनिवारी सगळे मिळून दहा, किंग हेन्रीज रोडला गेलो. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना १९२१-२२ मध्ये त्या घरात राहत. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. वडील रामजी सुभेदार. त्यांनी या मुलाकडून तर्खडकरांची पाठमाला पाठ करून घेतली होती. तीच पाठमाला, जी माझ्या माळ्यावर वाळवीने खाल्ली. इंग्रजीची जी रेघ आमच्या जिल्ह्याच्या मधून गेली होती, ती या बापाने आपल्या पोराला ओलांडायला लावली. ज्याला गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, तो या घरात बसून मोठमोठे प्रबंध लिहीत होता. मी नातीला हे सगळं सांगत होतो. ती ऐकत होती आणि मध्येमध्ये इंग्रजीत विचारत होती. मी मराठीत उत्तर द्यायचो. दोन रकाने शेजारी शेजारी.

राजाची नात रत्नागिरीत मराठी बोलू लागली आणि रत्नागिरीच्या शेतकऱ्याची नात लंडनात इंग्रजी बोलते. दोघींच्या आज्यांना हे खरं वाटलं नसतं. मला नातीचं वाईट वाटत नाही. तिच्या पाणवठ्यावर जी भाषा तीच तिची. तिच्याशी बोलता यावं म्हणून उरलेलं इंग्रजी मी अजून शिकतो आहे, आणि 'दे' आणि 'द्या' यांतला फरक तिला शिकवतो आहे.

गणपतीच्या आत परत आलो. आता वाडीतले लोक इंग्रजी कागद घेऊन येतात. फळपीक विम्याचे, बँकेचे, औषधाच्या बाटल्यांचे. मी शब्द सांगत बसत नाही. आधी एवढंच बघतो, की हा कागद आपल्याला करायला काय सांगतोय. ते कळत नसेल तर कळत नाही म्हणून सांगतो, आणि फोन लावून पुतणीला विचारतो. लाज वाटत नाही.

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आमची ती तार मात्र बापसाच्या ट्रंकेत अजून आहे, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मागच्या आंब्याच्या दिवसांत नात आली होती. ट्रंकेत काहीतरी शोधताना तिच्या हाताला तो कागद लागला. इंग्रजी दिसलं म्हणून तिने खुशीत उघडला आणि एका दमात वाचला.

"आजोबा, हे कुणाला लिहिलंय? लगेच निघा म्हणतायत."

मी म्हटलं, "आम्हाला लिहिलं होतं, बाय. उशिरा कळलं."